टीपकागदावरची इमारत: क्रिस्टल पॅलेस नऊ महिन्यांत कसा उभा राहिला

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गुलाबी टीपकागदाचा एक तुकडा जपून ठेवला आहे. त्यावर शाईने घाईघाईत काढलेल्या दोन आकृत्या आहेत: एका इमारतीचा छेद आणि तिची दर्शनी बाजू. ११ जून १८५० रोजी डर्बी गावात रेल्वे कंपनीची एक बैठक चालू असताना त्या काढल्या गेल्या. काढणारा माणूस, जोसेफ पॅक्स्टन, पेशाने माळी होता. १ मे १८५१ ला, म्हणजे अकरा महिन्यांच्या आत, त्या रेघांमधून सुमारे १९ एकरांवर छत धरणारी इमारत उभी राहिली आणि राणी व्हिक्टोरियाने तिचं उद्घाटन केलं.

ही गोष्ट एका हुशार माणसाला सुचलेली कल्पना म्हणून बहुतेक वेळा सांगितली जाते. माझ्या मते कल्पनेइतकाच त्यात काही नेमक्या वेळी घेतलेल्या निर्णयांचा वाटा होता, आणि त्यातले काही फार थोडक्यात चुकता चुकता राहिले. त्या निर्णयांसाठी हे प्रकरण मांडतो आहे.

पार्श्वभूमी

१८५१ मध्ये लंडनला सगळ्या देशांच्या उद्योगांचं प्रदर्शन भरवायचं ठरलं होतं. राणीचे पती प्रिन्स अल्बर्ट आणि सोसायटी ऑफ आर्ट्सचे हेन्री कोल हे त्यामागचे मुख्य लोक. जानेवारी १८५० मध्ये शाही आयोग नेमला गेला. सरकारी तिजोरीतून पैसा नव्हता, लोकवर्गणी आणि धनिकांच्या हमीवर सगळं चालणार होतं. जागा ठरली ती हाइड पार्कची दक्षिण बाजू. एक अट होती: प्रदर्शन संपलं की इमारत काढून घ्यायची आणि बाग पूर्ववत करून द्यायची.

इमारतीसाठी वेगळी समिती नेमली. तिच्यातली नावं वाचली की आजही दबायला होतं. संसद भवनाचे वास्तुविशारद चार्ल्स बॅरी, रेल्वे आणि पुलांचे नामवंत अभियंते इसम्बार्ड ब्रुनेल, रॉबर्ट स्टीव्हन्सन, विल्यम क्यूबिट. त्या काळात इंग्लंडमध्ये यांच्यापेक्षा जाणकार माणसं एका टेबलाभोवती बसवणं अवघडच होतं.

प्रश्न काय होता

वेळ नव्हता. मार्च १८५० मध्ये खुली स्पर्धा जाहीर झाली आणि आराखडे पाठवायला महिन्याचाही अवधी दिला नाही. तरीही २४५ आराखडे आले. समितीने ते पाहिले, काहींचं कौतुक केलं आणि एकही जसाच्या तसा स्वीकारता येत नाही असा निष्कर्ष काढला.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. विशेष उल्लेख मिळालेल्या दोन आराखड्यांपैकी एक फ्रान्सच्या हेक्टर ओरोचा होता आणि दुसरा डब्लिनच्या रिचर्ड टर्नरचा. दोन्ही लोखंड आणि काचेचे होते. टर्नर तर लंडनच्या क्यू उद्यानातलं मोठं काचघर उभारणाऱ्यांपैकी. म्हणजे उत्तराची दिशा एप्रिलमध्येच समितीच्या टेबलावर आलेली होती.

समितीने मग स्वतःच आराखडा करायला घेतला. दीड कोटीच्या आसपास विटा लागतील अशी लांबलचक, बसकी इमारत, आणि मध्यभागी ब्रुनेलने सुचवलेला २०० फूट व्यासाचा लोखंडी पत्र्याचा घुमट. जूनमध्ये हे चित्र छापून आलं आणि लंडन खवळलं. सहा महिन्यांसाठी बांधायची इमारत, तिला कोट्यवधी विटा, मग त्या पाडायच्या आणि वाहून न्यायच्या! एवढं करून चुना तरी वेळेत वाळेल का? टाइम्स वृत्तपत्राने बागेचा सत्यानाश होणार म्हणून झोड उठवली. लिंकनचे खासदार कर्नल सिबथॉर्प यांनी संसदेत झाडांच्या कत्तलीवरून रान पेटवलं.

परीक्षकच स्पर्धक झाले की काय होतं ते इथे दिसतं. प्रत्येक दिग्गजाने आपापला भाग चांगला केला. घुमट घुमट म्हणून दांडगा होता. पण ‘ही इमारत जाणार आहे’ ही मूळ अट कुणाच्याच रेघेत उतरली नाही. सगळ्यांनी तिला शेवटी निस्तरायची कटकट मानलं.

माळी आणि कमळाचं पान

जोसेफ पॅक्स्टन १८०३ साली बेडफर्डशरमध्ये एका शेतकरी कुटुंबात जन्मला. वास्तुकलेचं शिक्षण नाही. २३व्या वर्षी तो डर्बीशरमधल्या चॅट्सवर्थ इथे ड्यूक ऑफ डेव्हनशरच्या बागांचा मुख्य माळी झाला. तिथे त्याने काचघरं बांधायला सुरुवात केली, कारण ड्यूकना उष्ण प्रदेशातल्या झाडांचा नाद होता आणि इंग्लंडच्या थंडीत ती जगवायची तर काच हवीच. १८४० पर्यंत त्याने तिथे २७७ फूट लांबीचं अजस्र काचघर उभं केलं होतं. त्यातून घोडागाडी चालवता येत असे.

१८४९ मध्ये त्याने दक्षिण अमेरिकेतलं प्रचंड पानांचं कमळ वाढवून दाखवलं. ते व्हिक्टोरिया रेजिया नावाने ओळखलं जाई. इंग्लंडमध्ये ते पहिल्यांदा फुललं ते त्याच्याकडे, त्या नोव्हेंबरात. आपली सात वर्षांची मुलगी ॲनी हिला त्याने पाण्यावरच्या पानावर उभं केलं. पान बुडालं नाही. पान उलटं करून पाहिलं तर खाली जाड शिरा मध्यापासून कडेकडे पसरलेल्या, आणि त्यांना आडव्या पातळ शिरांनी जोडलेलं. वरचा पृष्ठभाग पातळ, सगळं बळ खालच्या सांगाड्यात. या कमळासाठी त्याने जे नवं काचघर बांधलं त्याचं छप्पर सपाट होतं, पण त्यावर काचेच्या उभट घड्या होत्या: शेंडा, दरी, शेंडा, दरी. दरीतलं पाणी पन्हळीतून पोकळ खांबात, खांबातून जमिनीखाली.

पुढचं सगळं या छोट्या इमारतीत आधीच आहे. म्हणून ‘टीपकागदावर अचानक सुचलं’ हे वर्णन मला अपुरं वाटतं. टीपकागदाच्या मागे वीस वर्षांचं काम होतं.

पहिला कस: टेंडरमधली फट

पॅक्स्टन तेव्हा मिडलंड रेल्वेचा संचालकही होता. ७ जूनला तो कंपनीच्या अध्यक्षांसोबत संसदेचं नवं सभागृह पाहायला गेला होता. तिथला आवाज नीट ऐकू येत नाही हे पाहून बोलणं प्रदर्शनाच्या इमारतीकडे वळलं, आणि तिथेही अशीच फजिती होईल असं त्याला वाटू लागलं. चार दिवसांनी डर्बीच्या बैठकीत एका रेल्वे कर्मचाऱ्याच्या शिस्तभंगाची सुनावणी चालू असताना त्याने ते चित्र काढलं. पुढच्या नऊ दिवसांत चॅट्सवर्थच्या कचेरीतल्या माणसांनी पूर्ण नकाशे तयार केले. लोखंडाच्या भारांचा हिशेब रेल्वेचे अभियंते विल्यम बार्लो यांनी तपासून दिला.

पण स्पर्धा केव्हाच संपली होती. समितीचा आपला आराखडा तयार होता आणि त्यावर कंत्राटदारांकडून टेंडर मागवली जात होती. नियमाने पाहता पॅक्स्टनसाठी दार बंद होतं.

उघडी राहिली एकच फट. टेंडर भरणाऱ्याला समितीच्या आराखड्यात सुधारणा सुचवण्याची मुभा होती. पॅक्स्टनने बर्मिंगहॅमजवळच्या स्मेथिक गावचे ठेकेदार फॉक्स-हेंडरसन यांना गाठलं. काचेसाठी त्याच गावचे चान्स बंधू. त्यांनी पॅक्स्टनचा आराखडा ‘सुधारणा’ म्हणून दाखल केला. आठवड्याभरात प्रत्येक खांब, तुळई, पट्टी आणि काच मोजून किंमत काढली गेली. इकडे पॅक्स्टनने समितीच्या उत्तराची वाट न पाहता ६ जुलैला इलस्ट्रेटेड लंडन न्यूजमध्ये चित्र छापून आणलं. लोकांना ते पाहताक्षणी आवडलं.

किंमत दोन प्रकारे दिली होती. इमारत आयोगाने कायमची विकत घेतली तर १,५०,००० पौंड. प्रदर्शनानंतर सगळं सामान ठेकेदाराने परत न्यायचं असेल तर ७९,८०० पौंड. दुसऱ्या आकड्यामागचा विचार पाहा. सुटी होणारी इमारत म्हणजे भाड्याने दिलेलं सामान. खांब तसाच उतरतो, काच तशीच निघते, दुसरीकडे विकता येते. पाडापाडीचा खर्च जो विटांच्या इमारतीला बुडवणार होता, तोच इथे ठेकेदाराची मिळकत झाला.

पैशाची हमी तोवर डळमळीत होती. रेल्वेचे मोठे ठेकेदार सॅम्युएल पीटो यांनी जुलैत ५०,००० पौंडांची हमी दिली आणि इतरांना धीर आला. जुलैअखेर टेंडर मंजूर झालं. ३० जुलैला जागा ताब्यात आली.

त्या एका मुभेच्या ओळीने सगळं वाचवलं. ती टेंडरच्या कागदात नसती, तर समितीला स्वतःची चूक जाहीरपणे मान्य करून नव्याने सुरुवात करावी लागली असती, आणि तेवढे दिवस उरलेलेच नव्हते.

दुसरा कस: एल्मची झाडं

जागेवर जुनी, भव्य एल्मची झाडं होती. पॅक्स्टनचं मूळ छप्पर सपाट असल्याने मधली झाडं तोडावी लागणार होती. टीकेचं मुख्य हत्यार हेच. समोर तीन वाटा होत्या: झाडं तोडून विरोध अंगावर घ्यायचा, इमारत सरकवायची, किंवा छप्पर झाडांच्या वर न्यायचं.

तिसरी निवडली. मध्यभागी ७२ फूट रुंदीचा आडवा भाग घेऊन त्यावर अर्धगोल कमानीचं छत घातलं, १०८ फूट उंच. कमानी लाकडाच्या. झाडं जागच्या जागी राहिली आणि प्रदर्शनाच्या आत आली. जी सक्ती म्हणून स्वीकारली तीच इमारतीची ओळख झाली. आज क्रिस्टल पॅलेसचं कुठलंही चित्र काढा, नजर आधी त्या कमानीवर आणि खालच्या हिरव्या शेंड्यांवर जाते. त्याआधीचं सपाट, पायऱ्यांपायऱ्यांचं चित्र नीटनेटकं असलं तरी कंटाळवाणं आहे, हे मला प्रामाणिकपणे म्हणावंसं वाटतं.

काही लहान झाडं मात्र तुटलीच.

काम कसं झालं

या इमारतीचा गाभा एका काचेच्या मापात आहे. चान्स बंधू तेव्हा ४९ इंच लांब आणि १० इंच रुंद काच मोठ्या संख्येने करून देऊ शकत होते. ही काच फुंकून करायची. कारागीर नळीच्या टोकाला लांब दंडगोल फुगवणार, तो उभा चिरायचा, भट्टीत तापवून सपाट पसरवायचा. छपराच्या प्रत्येक घडीची एकेक बाजू या एका काचेच्या लांबीची. त्यामुळे दोन दऱ्यांमधलं अंतर आठ फूट. अशा तीन घड्या म्हणजे २४ फूट, आणि खांबापासून खांबाचं अंतर २४ फूट किंवा त्याच्या पटीत. इमारतीची लांबी १,८४८ फूट, म्हणजे २४ची ७७ पट. (लोकांनी हौसेने तिला १,८५१ फूट केलं, सालाशी जुळावं म्हणून.) काच ठरली आणि मग इमारत ठरली, असा हा उलटा प्रवास.

काच सुद्धा नुकतीच आवाक्यात आली होती. तिच्यावरची जकात १८४५ मध्ये उठली. घराच्या खिडक्यांवरचा कर तर अजून चालूच होता, तो १८५१च्या जुलैत गेला. म्हणजे हाइड पार्कात काचेचा महाल उघडला तेव्हा लंडनमध्ये खिडक्यांवर कर भरणारे लोक राहत होते.

आता पन्हळ जवळून पाहू, कारण तिच्यात पॅक्स्टनचा हात दिसतो. २४ फूट लांबीचं एकसंध लाकूड. वरच्या बाजूला मधोमध खोल खोबण पावसाच्या पाण्यासाठी. दोन्ही कडांना बारीक खोबणी, कारण काचेच्या आतल्या बाजूला माणसांच्या श्वासाचं पाणी धरतं आणि ओघळतं, ते खाली माल आणि डोक्यांवर पडू नये. लाकडाच्या खाली लोखंडी सळई ताणून बसवलेली, त्यामुळे पन्हळ मध्ये किंचित उचललेली राहते आणि पाणी आपोआप दोन्ही टोकांना धावतं. टोकाला मोठी पन्हळ, तिथून पोकळ खांब. एकच लाकूड तुळईचं, पन्हळीचं आणि काच धरण्याचं काम करतं. या पन्हळी यंत्रावर कापल्या. काच बसवायच्या बारीक लाकडी पट्ट्याही यंत्रावरच झाल्या, आणि त्या एकूण २०० मैलांहून जास्त होत्या. पट्ट्या कापायचं यंत्र पॅक्स्टनने चॅट्सवर्थच्या काचघरासाठी पूर्वीच बनवलं होतं.

खांब बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, सुमारे ३,३००. बाहेरून सगळ्यांची जाडी एकच, आठ इंच. जिथे भार जास्त तिथे आतून बीड जाड, जिथे कमी तिथे पातळ. बाहेरून फरक नसल्याने कुठलीही तुळई कुठल्याही खांबाला बसे. कामगाराला नकाशा धुंडाळत बसायची गरज नाही. बिडाची तुळई जागेवर आली की आधी वजन, मग पाण्याच्या दाबावरच्या यंत्रात ताकदीची तपासणी, आणि लगेच घोड्यांनी ओढलेल्या दोरांवरून वर. तुळया खांबांत पाचरी मारून पक्क्या केल्या. उतरवताना पाचर काढली की झालं. परांचीची गरज जवळजवळ पडलीच नाही, उभी राहिलेली चौकटच पुढच्या चौकटीला आधार देत गेली.

चार्ल्स फॉक्स यांनी कामाचे नकाशे स्वतः काढले, सुमारे सात आठवडे, रोज अठरा तासांप्रमाणे. पहिला खांब २६ सप्टेंबरला उभा राहिला. कायदेशीर करारावर सही मात्र ऑक्टोबर संपता संपता झाली. म्हणजे तीन महिने ठेकेदाराने केवळ शब्दावर पैसा आणि माणसं ओतली. करार मोडला असता तर फॉक्स-हेंडरसन तिथेच बुडाले असते. हा धोका त्यांनी घेतला नसता, तर पाऊस आणि थंडी सुरू होईपर्यंत पायाच खणला जात राहिला असता.

कामगारांची संख्या ऐन वेळी दोन हजारांवर गेली. काच बसवणाऱ्यांसाठी झाकलेल्या गाड्या बनवल्या. त्यांची चाकं पन्हळींच्या कडांवर धावत. गाडीत दोन कारागीर आणि दोन पोरं बसत, समोर पट्ट्या आणि काचा लावत मागे मागे सरकत जात. वर आच्छादन असल्याने पावसातही काम थांबत नसे. एका आठवड्यात ८० जणांनी १८,००० हून जास्त काचा बसवल्या. एकूण काचा होत्या २,९३,६५५.

कामाच्या जागेभोवतीचं फळ्यांचं कुंपणही असंच विचाराने केलेलं. दोन दोन खांबांच्या मध्ये फळ्या आडव्या सोडल्या होत्या, खिळा न मारता. काम संपत आलं तेव्हा त्याच फळ्या काढून आतली जमीन केली. फळ्यांमध्ये अर्धा इंच फट ठेवली, धूळ खाली पडावी म्हणून. झाडायला यंत्रं करून ठेवली होती, पण बायकांचे जमिनीवर लोळणारे झगेच ते काम करून टाकत.

शंका आणि चाचण्या

इमारत टिकेल यावर सगळ्यांचा विश्वास नव्हता. शाही खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांच्यासारख्या गणितात पारंगत माणसाला ती वाऱ्याने आणि गर्दीच्या हालचालीने कोसळेल असं वाटत होतं. सिबथॉर्प तर गारा किंवा वीज पडून ती खाली यावी अशी इच्छा उघड बोलून दाखवत. एअरींची शंका हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. एवढ्या हलक्या चौकटीचं वागणं कुणी आधी पाहिलंच नव्हतं.

उत्तर कागदावर दिलं नाही. वरच्या गॅलरीचा एक नमुना-भाग जमिनीजवळ उभा केला. त्यावर आधी शेकडो कामगारांना उभं केलं, चालवलं, एकदम उड्या मारायला लावल्या. मग सैनिकांना ठेक्यात पावलं टाकायला लावलं, कारण एका तालातली हालचाल सगळ्यात घातक. शेवटी तोफेचे गोळे भरलेल्या गाड्या त्यावरून फिरवल्या. चौकट किंचित लवली आणि परत जागेवर आली. राणीसमोरही ही चाचणी झाली. शंका घेणाऱ्याला गप्प न करता त्याची शंका उघड्यावर तपासली, याबद्दल मला या लोकांचा आदर वाटतो.

निकाल

१ मे १८५१ ला दार उघडलं. सुमारे १४,००० प्रदर्शकांचा माल आत होता. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत साठ लाखांवर भेटी झाल्या. ७ ऑक्टोबरच्या एका दिवसात १,०९,९१५ लोक आले.

प्रवेश-दराचा निर्णयही मोलाचा होता. सुरुवातीला तिकीट महाग होतं. २६ मेपासून सोमवार ते गुरुवार एक शिलिंग केलं. तीनच वर्षांपूर्वी युरोपभर क्रांत्या झालेल्या, त्यामुळे सामान्य कष्टकरी एवढ्या संख्येने एका छताखाली आले तर दंगा होईल अशी भीती उच्चभ्रूंना होती. लष्कराचा बंदोबस्तही तयार ठेवला होता. प्रत्यक्षात गिरण्यांतले कामगार, खेड्यातले शेतकरी, शाळांची पोरं रेल्वेच्या स्वस्त सहलींनी आली, पाहून गेली. आत दारू नव्हती. प्लंबर जॉर्ज जेनिंग्ज यांनी सार्वजनिक शौचालयं केली आणि त्यासाठी एक पेनी आकारला. ८,२७,२८० लोकांनी ती भरली.

हिंदुस्थानचं दालन मोठं होतं. १८४९ मध्ये लाहोरहून घेतलेला कोहिनूर लोखंडी पिंजऱ्यात मांडला होता. तो पाहायला झुंबड उडाली, पण तो चमकेना म्हणून लोक निराश झाले. त्याच्यावर गॅसचे दिवे लावूनही फारसा फरक पडला नाही.

आयोगाच्या हातात सुमारे १,८६,००० पौंड शिल्लक राहिले. त्यातून केन्झिंग्टनला जमीन घेतली गेली आणि पुढे तिथे संग्रहालयं उभी राहिली. टीपकागद आज ज्या संग्रहालयात आहे तेही त्यांतलंच. पॅक्स्टन आणि फॉक्स यांना सर हा किताब मिळाला.

काय वेगळं करता आलं असतं

पहिलं, स्पर्धा. महिन्याभरात आराखडे मागवायचे आणि मग सगळे नाकारायचे, यात मौल्यवान वसंत ऋतू गेला. ‘इमारत सुटी होऊन परत नेता आली पाहिजे’ ही अट स्पर्धेच्या पत्रकात ठळक असती, तर ओरो आणि टर्नर यांचे आराखडे आपोआप पुढे आले असते. पॅक्स्टन नसता तरी चाललं असतं, असं म्हणायची माझी तयारी आहे. पण समितीने स्वतः आखायला बसायला नको होतं.

दुसरं, पाणी आणि ऊन. पन्हळ कितीही चांगली असली, तरी लाकूड उन्हापावसाने वाकतं, पुट्टी तडकते. छप्पर पहिल्यापासून गळत होतं. जूनच्या अखेरीस आत उकाडा असह्य झाला. छपरावर ताणलेलं कापड आणि भिंतींतल्या उघडझाप पट्ट्या पुरल्या नाहीत, काही ठिकाणच्या काचाच काढाव्या लागल्या. माळ्याला उष्णता हवी असते, प्रेक्षकाला वारा. काचघराचं गणित माणसांच्या गर्दीला लावताना वायुवीजन अधिक धरायला हवं होतं.

तिसरं सगळ्यात गंभीर. प्रदर्शन संपल्यावर इमारत बागेतच ठेवा म्हणून मोहीम झाली. संसदेने १८५२ मध्ये नकार दिला. मग पॅक्स्टनने पुढाकार घेऊन कंपनी काढली, सामान विकत घेतलं आणि दक्षिण लंडनमधल्या सिडनहॅमच्या टेकडीवर त्याहून कितीतरी मोठी इमारत उभारली. ती १८५४ मध्ये उघडली. या कामात १८५३च्या ऑगस्टमध्ये परांची कोसळून १२ कामगार मेले. हाइड पार्कात उंच परांचीशिवाय झालेलं काम इथे उंची वाढवल्यावर परांचीवर गेलं, आणि तिनेच घात केला.

सहा महिन्यांसाठी केलेली रचना आता कायमची झाली. मूळ इमारतीत जे जे शहाणपणाचं होतं ते इथे ओझं झालं. लाकडी पन्हळी, लाकडी पट्ट्या, लाकडी जमीन, लाखो काचांच्या कडा: सहा महिन्यांत यातलं काहीच कुजत नाही, पण पन्नास वर्षांत सगळं कुजतं. देखभालीचा खर्च कंपनीला कधीच झेपला नाही. १८६६ मध्ये आगीत उत्तरेकडचा भाग गेला, तो परत बांधला नाही. ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री उरलेली इमारत पेटली. वाळलेलं लाकूड आणि जोराचा वारा. काही तासांत लोखंड वाकून खाली आलं. सिडनहॅमला जाताना पॅक्स्टनने पन्हळी आणि जमीन यांचा पुन्हा नव्याने विचार केला असता, खर्च वाढला असता तरी, तर निदान आगीला एवढं सरपण मिळालं नसतं.

फॉक्स-हेंडरसनची कंपनी १८५६ मध्ये दिवाळखोर झाली. पण त्यांच्या कचेरीत नकाशे काढायला मदत करणारा एक तरुण पुढे नावारूपाला आला. रोलंड मेसन ऑर्डिश त्याचं नाव. १८६०च्या दशकात त्याने मुंबईतल्या एका हॉटेलसाठी बिडाचे खांब आणि तुळयांची चौकट आखली. सगळे भाग इंग्लंडमध्ये ओतले, जहाजाने आणले आणि इथे जोडले. काळ्या घोड्याजवळचं ते वॉटसन हॉटेल. १८९६ मध्ये ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं हिंदुस्थानात पहिल्यांदा तिथेच दाखवली गेली. आज त्याला एस्प्लनेड मॅन्शन म्हणतात. इमारत फार जीर्ण झाली आहे. फुटपाथवर उभं राहून वर पाहिलं की बिडाच्या खांबांच्या रांगा आणि त्यांना जोडणाऱ्या तुळया अजून दिसतात.